न वाचता दाबलेले बटण: फसव्या जाहिराती आणि मालवेअरपासून घरचा संगणक कसा राखावा

गेल्या पावसाळ्यात कर्नाटकातील खानापूरजवळच्या एका खेड्यातील शेतकरी काका आपल्या मुलाचा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. लॅपटॉप उघडला की मिनिटागणिक उजव्या कोपऱ्यातून एक लाल चौकट वर येत होती आणि ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले आहेत’ असे बजावून पैसे भरण्यास सांगत होती. कोणीतरी त्यांना विंडोज पुन्हा टाकावे लागेल असे सांगितले होते. प्रत्यक्षात त्या लॅपटॉपमध्ये एकही व्हायरस नव्हता. जमिनीच्या उताऱ्यासाठी शोध घेताना ते एका भलत्याच पानावर गेले होते, त्या पानाने सूचना पाठवण्याची परवानगी मागितली होती आणि त्यांनी ती दिली होती. ‘का दिलीत?’ असे विचारल्यावर ते म्हणाले, “कन्नडात कायतरी विचारलं, आम्ही नेहमीसारखं दाबलं.”

हे ‘नेहमीसारखं’ हीच आपल्या भागातली खरी अडचण आहे, असे माझे मत झाले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि संगणकात इंग्रजी असा कारभार असतो. ज्या भाषेत आपण सहज विचार करतो त्या भाषेत यंत्र आपल्याशी बोलतच नाही, त्यामुळे समोर आलेली चौकट वाचण्याऐवजी तिच्यातले ठळक बटण दाबून पुढे जाण्याची सवय शिकलेल्या माणसांनाही लागते. फसवणाऱ्यांना नेमकी हीच सवय हवी असते. म्हणून पुढील बहुतेक उपायांचा रोख असा आहे, की असे बटण समोर येण्याचे प्रसंगच कमी व्हावेत, आणि आलेच तर ते वाचता यावे.

आधी यंत्राची भाषा बदला

हे काम दहा मिनिटांचे आहे, पण ते क्वचितच कोणी करते. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि त्यात ‘लँग्वेज अँड रीजन’ उघडून मराठी जोडावी आणि तीच दर्शनी भाषा म्हणून निवडावी. क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘लँग्वेजेस’ या भागात मराठी जोडल्यावर तिच्या शेजारच्या तीन टिंबांतून क्रोम याच भाषेत दाखवण्याचा पर्याय निवडून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. अँड्रॉइड फोनमध्येही मराठी असतेच. सुरुवातीला काही शब्द बोजड वाटतील, परंतु ‘अनुमती द्या’ आणि ‘ब्लॉक करा’ यांतला फरक घरातील आजीलाही कळेल, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे.

कन्नडमधून आलेला संदेश किंवा चौकट वाचता येत नसेल तर फोनमधील गूगल लेन्स तिच्यावर धरावे. भाषांतर ओबडधोबड येते, पण कचेरी कागद मागते आहे की कोणीतरी परवानगी मागते आहे, इतके त्यातून निश्चित समजते.

जाहिरात सभ्य पानावर कशी पोहोचते

‘मी वाईट साइटवर जातच नाही, मग मला कशाची भीती?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. बातम्यांचे किंवा पाककृतींचे एखादे साधे पान उघडताना त्यावरील जाहिरातीची जागा त्याच क्षणी लिलावात विकली जाते. पान पूर्ण दिसण्याच्या आत, म्हणजे सेकंदाच्या अंशात, अनेक मध्यस्थ त्या जागेसाठी बोली लावतात आणि जिंकणाऱ्याची जाहिरात आपल्यासमोर येते. तिथे कोणती जाहिरात लागेल हे पानाच्या मालकालाही आधी ठाऊक नसते. फसवणारा इतरांप्रमाणेच पैसे मोजून ही जागा घेतो, तपासणी करणाऱ्याला निरुपद्रवी पान दाखवतो आणि ठरावीक प्रदेशातील, ठरावीक यंत्र वापरणाऱ्या माणसाला मात्र दुसरेच पान दाखवतो. त्यामुळे तक्रार आल्यावर तपासणाऱ्याला तेथे काहीच सापडत नाही.

दिलासा देणारी बाब अशी, की ब्राउझर अद्ययावत असेल तर जाहिरात नुसती दिसल्याने संगणकाला मालवेअरची, म्हणजे घातक कार्यक्रमाची, लागण होण्याची शक्यता आज बरीच कमी आहे. म्हणूनच हल्लीच्या फसव्या जाहिराती उरलेले काम आपल्याच हातून करून घेतात: एखादी फाइल उतरवायला लावतात, परवानगी मागतात, एखाद्या क्रमांकावर फोन करायला लावतात, किंवा कीबोर्डवरच्या विशिष्ट कळा दाबायला सांगतात.

शोधातील पहिली ओळ

सर्वांत जास्त नुकसान येथे होते. गूगलवर बँकेचे नाव, ‘कस्टमर केअर नंबर’ किंवा एखाद्या मोफत सॉफ्टवेअरचे नाव टाकल्यावर सर्वांत वर येणारे निकाल पुष्कळदा पैसे देऊन लावलेले असतात आणि त्यांच्यावर ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. या जागेचा गैरवापर इतका वाढला, की डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने सामान्य नागरिकांना सूचना काढून, शोध घेताना जाहिराती रोखणारे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचे छोटे साधन) वापरावे असा सल्ला दिला.

त्यामुळे पत्ता वाचायला शिकणे आवश्यक आहे. पत्त्यात सुरुवातीच्या ‘https://’नंतर पहिला तिरका दंड येतो त्याच्या लगेच आधीचे शब्द पाहावेत आणि तेथून उजवीकडून डावीकडे वाचत जावे. उताऱ्याचे अधिकृत पान ‘लँडरेकॉर्ड्स डॉट कर्नाटक डॉट गव्ह डॉट इन’ असे आहे. त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे आणि तो शेवट सरकारी कार्यालयांखेरीज कोणाला मिळत नाही. एखाद्याने ‘कर्नाटक-गव्ह-इन’ असे आडव्या रेघांनी जोडलेले नाव घेऊन त्यापुढे ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑनलाइन’ लावले असेल, तर आधीचे सगळे शब्द केवळ देखाव्याचे असतात. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हे काम सोपे केले आहे. बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर न्यावीत असे सांगून त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घालून दिली होती. आपल्या बँकेचा नवा पत्ता पासबुकावरून किंवा शाखेतून एकदा खात्री करून घ्यावा.

पत्ता पटल्यावर तो दर वेळी शोधू नये. भूमीचा उतारा, जात-उत्पन्नाच्या दाखल्यासाठी नाडकचेरी, सरकारी सेवांसाठी सेवासिंधू, हेस्कॉमचे वीजबिल, बँक, आणि पोरे कोल्हापूरला शिकत असतील तर शिवाजी विद्यापीठ, एवढी पाने एकदा नीट तपासून ब्राउझरच्या पट्टीवर खूण करून ठेवावीत. मी दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक संगणकात हे करून देतो आणि माझ्या अनुभवात कोणत्याही अँटिव्हायरसपेक्षा याचाच उपयोग जास्त झाला आहे. गृहलक्ष्मीसारख्या योजनेचा अर्ज असेल आणि पानाविषयी शंका असेल, तर सरळ ग्राम वन किंवा बेळगाव वन केंद्रात जावे. तिथे रांग असते, हे खरे.

जाहिराती रोखणारे एक्स्टेंशन

यूब्लॉक ओरिजिन हे मोफत एक्स्टेंशन मी सर्वांना सुचवतो. क्रोमने एक्स्टेंशनांचे नियम बदलल्यामुळे २०२५ पासून त्याची पूर्ण आवृत्ती क्रोममध्ये चालत नाही. तिथे ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ घ्यावे लागते. फायरफॉक्समध्ये मात्र पूर्ण आवृत्ती चालते, म्हणून घरच्या संगणकावर फायरफॉक्स वापरण्याचा माझा आग्रह असतो. एक्स्टेंशन घेताना ब्राउझरच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावे आणि निर्माता म्हणून रेमंड हिल हे नाव आहे याची खात्री करावी, कारण मिळत्याजुळत्या नावांची दुसरी एक्स्टेंशने तिथे आहेत. ज्या वर्तमानपत्राचा किंवा साइटचा खर्च जाहिरातींवर चालतो आणि जी आपल्याला विश्वासार्ह वाटते, तिच्यापुरते ते बंद करता येते. मी स्वतः दोन ठिकाणी तसे केले आहे.

त्याच वेळी ब्राउझरमधील बाकीच्या एक्स्टेंशनांची यादीही पाहावी. ‘पीडीएफ कन्व्हर्टर’, ‘कूपन’, ‘न्यू टॅब’ अशा नावांची आणि आपण कधी टाकली हे आठवत नसलेली एक्स्टेंशने काढून टाकावीत. आपण उघडतो ते प्रत्येक पान वाचण्याची मुभा त्यांपैकी बऱ्याच जणांनी घेतलेली असते.

आणखी एक थर हवा असेल तर क्वाड नाइन ही मोफत डीएनएस सेवा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, वापरावी. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ९.९.९.९ हा पत्ता टाकला की ज्ञात घातक साइट उघडतच नाहीत. तिने जाहिराती बंद होत नाहीत, एवढे लक्षात असू द्यावे.

कोपऱ्यातील लाल चौकट आणि पडदाभर इशारा

सुरुवातीला सांगितलेल्या लॅपटॉपची दुरुस्ती तीन मिनिटांत झाली. क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ या क्रमाने गेल्यावर परवानगी दिलेल्या साइटींची यादी दिसते. तिच्यातील अनोळखी नावे काढून टाकावीत आणि वरच्या भागात साइटींनी सूचनांसाठी विचारूच नये असा पर्याय निवडावा. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे लिहिलेले कोणतेही पान खोटे असते. माणूस आहोत हे सिद्ध करण्याचा आणि सूचनांच्या परवानगीचा काही संबंध नाही.

दुसरा प्रकार अधिक भेदरवणारा असतो. अचानक संपूर्ण पडदा व्यापणारे निळे किंवा लाल पान येते, भोंगा वाजतो, माउस हलेनासा होतो आणि ‘संगणक बंद करू नका, या क्रमांकावर मायक्रोसॉफ्टला फोन करा’ अशी आज्ञा येते. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यात फोन क्रमांक देत नाही, एवढे एक वाक्य पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवले तरी चालेल. हे फक्त एक वेबपान असते. एस्केप कळ काही सेकंद दाबून धरावी, त्यानंतर ऑल्ट आणि एफ ४ दाबावे, आणि तरीही पान गेले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर ‘मागील पाने परत आणू का?’ असे तो विचारतो, तेव्हा नकार द्यावा. फोन केलाच असेल आणि पलीकडच्या माणसाच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखे दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर टाकले असेल, तर आधी इंटरनेट तोडावे, मग शेवटच्या भागातील उपाय करावेत.

‘विंडोज आणि आर दाबा’

२०२४ पासून फैलावलेला हा डाव समजावून सांगितला नाही तर भले भले त्यात सापडतात. पानावर ‘मी रोबोट नाही’ अशी ओळखीची चौकट येते. तिच्यावर टिचकी मारताच ते पान आपल्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवते आणि पुढच्या पायऱ्या सांगते: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर दाबा. या तीन पायऱ्यांत आपण स्वतःच्या हाताने घातक कार्यक्रम संगणकात बोलावलेला असतो आणि आज्ञा आपणच दिल्यामुळे संरक्षक सॉफ्टवेअर बहुधा अडवत नाही. अशा मार्गाने येणारे चोर कार्यक्रम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि सुरू असलेल्या लॉगिनच्या कुकीज (लॉगिन झाल्याची ब्राउझरने जपलेली खूण) उचलून नेतात, त्यामुळे पुष्कळदा ओटीपीही लागत नाही. अशांपैकी ‘लुमा’ नावाच्या कार्यक्रमाविरुद्ध मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये कारवाई केली, तेव्हा १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणकांत तो आढळल्याचे सांगितले होते.

कोणत्याही वेबसाइटला आपली ओळख पटवण्यासाठी विंडोजच्या कळेची गरज नसते. याला अपवाद नाही.

‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर

येथे मला थोडे कटू बोलावे लागेल. गणेशोत्सवाचे फलक, लग्नपत्रिका, वार्षिक अहवाल असे सगळे काम करणाऱ्या आपल्याकडच्या डीटीपी दुकानांत मराठी आणि कन्नड दोन्ही फाँट लागतात, आणि ते सॉफ्टवेअर बहुतेक वेळा कोणीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिलेले असते. चोरीचे सॉफ्टवेअर चालू करण्यासाठी जो छोटा ‘ॲक्टिव्हेटर’ चालवावा लागतो, तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते. मालकाने स्वतः दार उघडून पहारेकऱ्याला रजा द्यावी, असा हा व्यवहार आहे. घरगुती संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या रॅन्समवेअरचा प्रसार मुख्यतः अशाच क्रॅकमधून झाला आहे. निपाणीतील एका व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या फाइली ३१ मार्चच्या तोंडावर अशा रीतीने गेल्या, तेव्हा मी काहीही करू शकलो नाही.

साध्या मराठी-कन्नड टंकलेखनासाठी आता पैसे मोजावे लागत नाहीत. दोन्ही भाषांचे युनिकोड कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत, लिखाणासाठी लिब्रेऑफिस आणि फलकांसाठी इंकस्केप मोफत आहे, आणि युनिकोड फाँट गूगल फाँट्सवर विनामूल्य मिळतात. जुन्या फाँटमधील मजकूर मात्र रूपांतर करणाऱ्या साधनातून बदलून नंतर हाताने तपासावा लागतो, आणि हे काम कंटाळवाणे आहे हे मी नाकारत नाही.

दुकानातून आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर ते उघडू नयेत. हाच तो प्रसिद्ध ‘शॉर्टकट व्हायरस’. पेन ड्राइव्हवर उजवी टिचकी मारून डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्या अंगभूत अँटिव्हायरसने, तपासणी करावी. मूळ फाइली बहुधा लपवलेल्या असतात, गेलेल्या नसतात. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडून ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ समोरची खूण काढली की त्या दिसतात. तिथेच फाइलींच्या नावाचा शेवटचा भाग दिसेल अशी सोयही करून ठेवावी. म्हणजे ‘निमंत्रण डॉट पीडीएफ’ असे नाव मिरवणाऱ्या फाइलीच्या शेवटी ‘डॉट ईएक्सई’ आहे हे उघड होईल.

विंडोज, खाते आणि अँटिव्हायरस

विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या देण्याचा काळ, १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज १० वरच थांबायचे असेल तर नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. संगणक विंडोज ११ पेलण्याइतका नवा नसेल आणि त्याचा उपयोग केवळ ब्राउझर व लिखाणापुरता असेल, तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकावी.

घरातील प्रत्येकाने रोजच्या कामासाठी ‘स्टँडर्ड’ खाते वापरावे आणि व्यवस्थापकाचे खाते पासवर्डसह वेगळे ठेवावे. मग मुलाने खेळ म्हणून काही उतरवले तरी ते बसवण्यापूर्वी बहुधा पासवर्ड मागितला जातो. अँटिव्हायरससाठी विंडोजचे अंगभूत डिफेंडर घरगुती वापरास पुरेसे आहे. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत.

फोनवरची एपीके

लग्नाचे निमंत्रण, वाहतुकीचे चलन, बँकेची केवायसी किंवा शेतकरी योजनेची यादी अशा नावाने व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाइल म्हणजे कागद नसून संपूर्ण ॲप असते. बसवल्यावर ती एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि ओटीपी थेट चोराकडे जातात. ती ओळखीच्या माणसाकडून आली तरी फसू नये, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असू शकतो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधून व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर या तिघांचीही परवानगी बंद करावी, आणि प्ले स्टोअरमधील घातक ॲप तपासणारे प्ले प्रोटेक्ट सुरू असल्याची खात्री करावी.

फाइलींची दुसरी प्रत

महत्त्वाच्या फाइली आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्याव्यात आणि डिस्क लगेच काढून कपाटात ठेवावी. ती कायम जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावते.

लागण झालीच तर

सर्वप्रथम वायफाय बंद करावे. त्यानंतर दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून आधी ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदलावा, आणि ईमेल खात्याच्या सुरक्षा विभागातून सर्व यंत्रांवरचे लॉगिन बंद करावे. पासवर्ड बदलला पण जुने लॉगिन तसेच राहिले, तर चोरलेली कुकी चालू राहू शकते. नंतर ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘स्कॅन ऑप्शन्स’ उघडून डिफेंडरची ऑफलाइन तपासणी करावी. संगणक पुन्हा सुरू होऊन साधारण १५ मिनिटांत ती पूर्ण होते. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर बॉट (संगणक दुरून ताब्यात ठेवणारे घातक कार्यक्रम) काढण्याची मोफत साधनेही मिळतात. फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर खंडणी भरू नये. ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर एक कुलूपबंद फाइल तपासून किल्ली उपलब्ध आहे का ते पाहावे, आणि नसली तरी फाइली जपून ठेवाव्यात, कारण काही किल्ल्या उशिरा मिळतात.

पैसे गेले असतील तर बँकेला कळवण्याबरोबरच १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता येते, म्हणून येथे मिनिटांना किंमत आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरवले होते, की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणात ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर जबाबदारी येणार नाही, आणि ओटीपी ग्राहकानेच दिला असला तरी कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे धरले जाईल. त्यामुळे कळवल्याची वेळ आणि बँकेने दिलेला तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. त्यानंतर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ येथे तक्रार नोंदवून तिची छापील प्रत, व्यवहाराचे क्रमांक, फसव्या पानाचा फोटो आणि पूर्ण पत्ता घेऊन सायबर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या (सीईएन) पोलिस ठाण्यात जावे. तिथे जबाब बहुधा कन्नडमध्ये टंकला जातो. तो वाचून दाखवायला सांगावा, रक्कम आणि वेळ बरोबर लिहिली आहे का हे पाहावे, हवे तर लेन्स धरावे, आणि मगच सही करावी.